डुकराच्या फुप्फुसाची साक्ष

१९१८ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स या शहरी डुकरांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. मका आणि डुक्कर या दोन गोष्टींवर त्या राज्याची शेती उभी आहे. ठिकठिकाणचे शेतकरी आपली निवडक, पोसलेली जनावरे घेऊन आले होते. प्रदर्शन चालू असतानाच जनावरे आजारी पडू लागली. नाकाडोळ्यांतून पाणी, ताप, खोकला, धाप. उठवले तरी उठेनात. प्रदर्शन संपले, डुकरे आपापल्या गावी परतली आणि पुढच्या काही आठवड्यांत मध्य-पश्चिमेकडील राज्यांतल्या कळपांमध्ये हा आजार पसरला. आजारी डुकरांची संख्या लाखांत गेली. बहुतेक जनावरे आठवडाभरात बरी होत, तरी मेलेली हजारांनी मोजावी लागली.

तोच काळ माणसांच्या जागतिक इन्फ्लुएन्झाचा. जूनमध्ये मुंबई बंदरात त्या तापाचे पहिले रुग्ण दिसले होते आणि पावसाळा सरता सरता त्याची दुसरी, कितीतरी भीषण लाट आपल्या गावागावांतून फिरत होती. जुन्या माणसांच्या तोंडी ती 'मानमोडी' म्हणून राहिली. आयोवातही घरोघरी माणसे खोकत होती आणि गोठ्यात डुकरे खोकत होती. जे. एस. कोएन नावाचे सरकारी पशुखात्याचे एक निरीक्षक तेव्हा त्या भागात डुकरांच्या कॉलऱ्याविरुद्धच्या मोहिमेवर होते. त्यांनी पाहिले, की एखाद्या घरात माणसांना ताप आला की पाठोपाठ त्याच घरची डुकरे आजारी पडतात आणि कधी याच्या उलटही घडते. हा कॉलरा नाही, हा डुकरांचा इन्फ्लुएन्झाच आहे, असे त्यांनी सांगितले आणि पुढच्या वर्षी तसे लिहून प्रसिद्धही केले.

हे नाव डुकरांच्या व्यापाऱ्यांना आवडले नाही. माणसे मारणाऱ्या रोगाचे नाव डुकराला चिकटले तर मांस विकणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. कोएन मात्र आपल्या निदानावर ठाम राहिले. डॉक्टर माणसांत ज्या लक्षणांवरून इन्फ्लुएन्झा ओळखतात, तीच लक्षणे मी डुकरांत पाहतो आहे, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता.

मी प्रयोगशाळेत कधी काम केलेले नाही. साथींच्या इतिहासाची जुनी कागदपत्रे आणि शोधनिबंध मिळतील तिथून मिळवून वाचणे हा माझा गेल्या वीसेक वर्षांचा नाद आहे. जीवशास्त्राची परिभाषा मी पन्नाशीच्या आसपास, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. या वाचनात एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला. रोग आला की माणूस पहिल्यांदा विचारतो, दोषी कोण? डुकराच्या फुप्फुसाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा या प्रश्नाची उत्तरे बदलत गेल्याचा इतिहास आहे. आधी डुक्कर दोषी ठरले, मग जिवाणू, मग विषाणू. आणि शोध आणखी आत, पेशीच्या गाभ्यापर्यंत गेला तेव्हा प्रश्नच बदलावा लागला. तो कसा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन अर्धे गुन्हेगार

कोएन यांचे निदान पडताळून पाहिले ते रिचर्ड शोप यांनी. हेही आयोवाचेच, तिथल्या डे मॉइन शहरात १९०१ साली जन्मलेले. शिक्षणाने माणसांचे डॉक्टर. पण रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील पशुरोग विभागात पॉल लुईस या ज्येष्ठ संशोधकाच्या हाताखाली काम करू लागले. १९२८ मध्ये ते आयोवाला गेले. डुकरांचा तो आजार दरवर्षी शरद ऋतूत परत येत होता. आजारी जनावरांच्या श्वासनलिकेतला स्राव त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यात एक जिवाणू सापडला. माणसांच्या इन्फ्लुएन्झाचे कारण म्हणून तेव्हा जो जिवाणू मानला जात होता, त्याचा हा जवळचा भाऊबंद. गुन्हेगार सापडला असे कोणालाही वाटले असते.

पण हा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून निरोगी डुकरांच्या नाकात सोडला, तर त्यांना काहीच झाले नाही. मग शोप यांनी तो स्राव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि गाळलेले पाणी डुकरांना दिले. आता आजार झाला, पण अगदी सौम्य. शेवटी दोन्ही एकत्र दिले, तेव्हा आयोवातल्या गोठ्यात दिसे तसा पुरा आजार उभा राहिला. १९३१ साली हे निबंध प्रसिद्ध झाले. गाळणीतून पार जाणारा तो पदार्थ म्हणजे इन्फ्लुएन्झाचा विषाणू. तो डुकरात सापडला आधी आणि माणसात नंतर, १९३३ मध्ये, लंडनच्या स्मिथ, अँड्रूज आणि लेडलॉ या त्रयीला. लुईस यांना हे पाहायला मिळाले नाही. पीतज्वरावर काम करताना १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये त्याच तापाने ते गेले.

शोप यांचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत 'विषाणूचा शोध' म्हणून येतो. मला त्यातला दुसरा अर्धा भाग तितकाच मोलाचा वाटतो. विषाणू एकटा सौम्य आणि जिवाणू एकटा निरुपद्रवी होता. जनावर गंभीर आजारी पडले ते दोघांच्या मिळून येण्याने. एकच कारण आणि एकच रोग हे सूत्र डुकराच्या फुप्फुसात पहिल्यांदाच नीट लागू पडले नव्हते.

पुढच्या चार-पाच वर्षांत याहून चकित करणारी गोष्ट पुढे आली. लंडनमध्ये आणि प्रिन्स्टनमध्ये माणसांच्या रक्तद्रव्याची डुकराच्या विषाणूवर परीक्षा घेतली गेली. प्रौढांचे रक्तद्रव्य या विषाणूला निष्प्रभ करी. दहा-बारा वर्षांच्या आतील मुलांचे बहुधा करीत नसे. म्हणजे १९१८ च्या साथीतून गेलेल्यांच्या रक्ताला डुकरातला हा विषाणू ओळखीचा होता आणि नंतर जन्मलेल्यांच्या रक्ताला अनोळखी. पुढे १९९७ पासून जेफ्री टाउबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांतून आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका देहातून त्या विषाणूची जनुकीय लिपी वाचली. २००५ मध्ये ती पूर्ण झाली. डुकरांचा विषाणू आणि माणसांचा विषाणू हे एकाच कुळातले होते. आणि उपलब्ध पुरावा झुकतो तो माणसाकडून डुकराकडे या दिशेला. सीडर रॅपिड्सच्या प्रदर्शनात डुकरांना तो ताप बहुधा त्यांच्या मालकांनीच दिला होता.

नावाचा भुर्दंड

हा इतिहास ठाऊक असूनही २००९ मध्ये काय घडले, ते आपण पाहिले आहे. मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात एप्रिल महिन्यात नवा इन्फ्लुएन्झा दिसला. त्याच्या जनुकांचे तुकडे उत्तर अमेरिकेच्या आणि युरोप-आशियाच्या डुकरांतल्या विषाणूंशी जुळत होते, म्हणून 'स्वाइन फ्लू' हे नाव पडले. मांसउद्योगाने लगेच हरकत घेतली, अगदी १९१८ सारखीच. महिनाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव सोडून एच१एन१ असे म्हणायला सुरुवात केली. लोकांनी मात्र जुनेच नाव धरून ठेवले. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. रुमाल बांधलेली माणसे एकमेकांना विचारत होती, की डुकरे कुठे आहेत? रोग पसरत होता तो माणसाकडून माणसाकडे. पण नजर उकिरड्याकडे वळत होती.

याची खरी किंमत मोजली ती इजिप्तने. देशात एकही रुग्ण नसताना एप्रिलच्या अखेरीस सरकारने सगळी डुकरे मारण्याचा हुकूम काढला. सुमारे तीन लाख जनावरे होती. त्यातली पुष्कळशी कैरोच्या कचरावेचकांची, 'झब्बालीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाची. हे बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती. ते शहरातला ओला कचरा घरोघरी जाऊन गोळा करीत आणि डुकरांना घालीत. त्यावर त्यांचे पोट चाले आणि शहर स्वच्छ राही. डुकरे गेली, ओला कचरा उचलण्यात कोणाला फायदा उरला नाही आणि काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या कचऱ्याचे ढीग लागले. ताप तर आलाच. तो माणसांबरोबर विमानाने आला. त्यानंतर जगभरच्या कळपांतले विषाणू तपासले गेले, तेव्हा २००९ चा हा विषाणू माणसांकडून डुकरांकडे वारंवार गेलेला आढळला.

पहारेकऱ्याच्या घरातला चोर

इन्फ्लुएन्झा हा डुकराच्या फुप्फुसाचा जुना शत्रू. दुसरा नवा. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत काही ठिकाणी गाभण डुकरिणी दिवस भरत आले असताना पिल्ले टाकू लागल्या. जन्मलेली पिल्ले अशक्त, धापा टाकणारी. कित्येक दूध पिण्याआधीच मरत. मोठ्या डुकरांना न्यूमोनिया होई. काही जनावरांचे कान निळसर पडत, म्हणून पुढे इंग्लंडात 'निळ्या कानाचा रोग' हे नाव आले. अमेरिकेत कारण सापडेना म्हणून चक्क 'गूढ रोग' असेच म्हणत. १९९० च्या अखेरीस तो जर्मनीत म्युन्स्टरजवळ दिसला आणि पुढच्या वर्षात हॉलंडभर पसरला.

समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर वसलेल्या लेलिस्टाड या डच गावातल्या पशुवैद्यक संस्थेत खेर्ट वेन्सफोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या रोगाचा विषाणू वेगळा केला. ज्या पेशींवर त्यांनी तो वाढवला, तीत या रोगाची सगळी मेख आहे. फुप्फुसात हवेचे असंख्य बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतू, मेलेल्या पेशी यांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी या वायुकोशांत सतत गस्त घालतात. हा विषाणू नेमका या पहारेकऱ्यांच्याच पोटात शिरतो आणि तिथे वाढतो. पहारा उठला की एरवी निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात धुडगूस घालतात. शोप यांच्या दोन अर्ध्या गुन्हेगारांची गोष्ट इथे नव्या रूपात परत येते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतही विषाणू सापडला आणि गूढ आणखी वाढले. दोन्ही खंडांत जवळपास एकाच वेळी उद्भवलेल्या, जवळपास एकच रोग देणाऱ्या या विषाणूंच्या जनुकीय लिपीत सुमारे ४० टक्के फरक होता. रोगाला आता 'पोर्साइन रिप्रॉडक्टिव्ह अँड रेस्पिरेटरी सिंड्रोम' असे लांबलचक नाव मिळाले, आद्याक्षरांनी 'पीआरआरएस'. लस १९९० च्या दशकाच्या मध्यालाच आली, पण पुरी पडली नाही. हा विषाणू सतत बदलतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे डुकराच्या शरीरात उशिरा तयार होतात. २००६ मध्ये चीनमध्ये त्याचे एक जहाल रूप उफाळले. वीस लाखांहून अधिक डुकरांना लागण झाली आणि सुमारे चार लाख मेली. पुढच्या वर्षी चीनमध्ये डुकराच्या मांसाचे भाव भडकले, त्यामागे हेही एक कारण होते. अमेरिकेतल्या उत्पादकांचे नुकसान २०१३ च्या एका अभ्यासाने वर्षाला ६६ कोटी ४० लाख डॉलर इतके काढले. त्याच २०१३ मध्ये हा रोग भारतात, मिझोराममध्ये, पहिल्यांदा नोंदला गेला आणि सापडलेला विषाणू चीनमधल्या जहाल रूपाशी नाते सांगणारा होता. मिझोराममध्ये घरामागे दोन-चार डुकरे पाळणे ही अनेक कुटुंबांची बचतपेटी असते. मुलांची फी, घरातले लग्न, आजारपण या वेळी ती विकली जातात. तिथे गाभण डुकरीण पिल्ले टाकते, तेव्हा घराचे वर्षभराचे गणित मोडते.

एका कृमीची गोष्ट

आता कथेचा एक धागा डुकरापासून फार दूर सुरू होतो. तो पुढे याच फुप्फुसात येऊन मिळतो, म्हणून त्यामागे जावे लागेल.

मातीत राहणारा एक मिलिमीटर लांबीचा एक गोल कृमी आहे, सी. एलेगान्स. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन अमेरिकी संशोधक या कृमीच्या वाढीचा अभ्यास करीत होते. लिन-४ नावाचे एक जनुक बिघडले, की कृमी बाल्यावस्थेतली कामे पुन्हा पुन्हा करीत राही, मोठाच होत नसे. हे जनुक कोणते प्रथिन बनवते, हा साहजिक प्रश्न होता. रोझलिंड ली आणि र्‍होंडा फाइनबॉम या अँब्रोस यांच्या सहकारी. या तिघांना आढळले, की ते कुठलेच प्रथिन बनवत नाही. त्यातून निघतो तो आरएनएचा फक्त २२ अक्षरांचा तुकडा. तिकडे रुव्हकुन यांना दिसले, की हा तुकडा लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटतो आणि त्याचे प्रथिन बनणे थांबवतो. १९९३ मध्ये दोन्ही निबंध एकाच अंकात आले.

इथे थोडे थांबून हे काम कसे चालते ते पाहू. आपल्या पेशीत जनुकांची मूळ पोथी केंद्रकात बंद असते. एखादे प्रथिन हवे झाले, की पोथीतल्या तेवढ्या पानाची नक्कल आरएनएच्या चिठ्ठीवर उतरते आणि चिठ्ठी बाहेर कारखान्यात जाते. या लिपीत अक्षरे चारच. मायक्रोआरएनए म्हणजे अशा चिठ्ठ्यांवर नजर ठेवणारा इवलासा तुकडा. तो लांबट धाग्यातून कातरला जातो. हे कातरण्याचे काम ड्रोशा आणि डायसर ही दोन प्रथिने करतात. मग तो अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि आपल्याशी जुळणारी चिठ्ठी शोधत फिरतो. जुळणीत सुरुवातीची सहा-सात अक्षरे महत्त्वाची. चिठ्ठी सापडली, की तिचे वाचन थांबते किंवा ती नष्ट होते. एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर नजर ठेवू शकतो आणि एका चिठ्ठीवर अनेकांची नजर असते. त्यामुळे प्रथिन एकदम बंद पडते असे क्वचितच होते. बहुधा ते थोडे कमी-जास्त होते. कालव्यावरचा पाटकरी दारे थोडी वर-खाली करून शेतांना पाणी वाटतो, तसे हे आहे.

१९९३ च्या त्या निबंधांची फारशी दखल घेतली गेली नाही. कृमीतली एक विचित्र गोष्ट, एवढेच बहुतेकांना वाटले. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत दुसरा तुकडा सापडला, लेट-७. हा मात्र कृमीपुरता नव्हता. माशी, मासा, माणूस, सगळ्यांत तो होता. २००१ पासून 'मायक्रोआरएनए' हे नाव रूढ झाले आणि माणसात अशी हजारावर जनुके असल्याचे हळूहळू कळले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०२४ मध्ये, त्या पहिल्या निबंधांनंतर ३१ वर्षांनी.

विषाणूशास्त्राने याची दखल २००५ मध्ये घेतली आणि तीही दोन परस्परविरोधी शोधांनी. फ्रान्समधल्या एका गटाने दाखवले, की मिर-३२ हा माणसाचा मायक्रोआरएनए एका विषाणूची वाढ रोखतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कॅथरीन जोपलिंग आणि पीटर सार्नो यांच्या गटाला आढळले, की यकृतातला मिर-१२२ हा हेपटायटिस-सी विषाणूला चक्क मदत करतो. तो काढून घेतला तर विषाणूची वाढ मंदावते. म्हणजे यजमानाची हीच यंत्रणा कधी ढाल होते, तर कधी शत्रूच्या हातची शिडी.

दोन धागे मिळतात

डुकराच्या फुप्फुसात हे दोन धागे एकत्र आले ते मुख्यतः चीनमधल्या प्रयोगशाळांत. २००६ ची झळ तिथेच सर्वांत जास्त बसली होती. बीजिंगच्या चीन कृषी विद्यापीठात फेंग वेन-हाय यांच्या गटाने एक साधा प्रश्न घेतला. पीआरआरएसचा विषाणू काही पेशींत सहज वाढतो आणि काहींत जेमतेम, असे का? २०१३ मध्ये त्यांनी दाखवले, की मिर-१८१ हा मायक्रोआरएनए विषाणूच्या लिपीतल्या एका जागेला थेट जाऊन चिकटतो आणि त्याची वाढ रोखतो. ही जागा निरनिराळ्या वाणांत ९६ टक्क्यांहून अधिक सारखी असते. इतक्या बदलत्या विषाणूच्या लिपीत न बदलणारी जागा सापडणे हीच मोठी गोष्ट होती. आणि ज्या पेशींत व ऊतींत विषाणू जेमतेम वाढे, तिथे मिर-१८१ मुबलक असे. जिथे तो फोफावे, तिथे कमी. म्हणजे चोर पहारेकऱ्याच्या घरी शिरला, त्यात तिथले कुलूप आधीच सैल असण्याचाही वाटा होता. मग त्यांनी कृत्रिम मिर-१८१ लागण झालेल्या डुकरांना दिला. रक्तातला विषाणू लक्षणीय कमी झाला आणि ताप उतरला.

त्याच वर्षी आणखी एका निबंधाने मिर-१८१ ची दुसरी बाजू दाखवली. विषाणूला भक्षक पेशीत शिरायला सीडी१६३ नावाचे एक प्रथिन लागते. ते त्या पेशीचे दार आहे म्हणा. मिर-१८१ या दाराचीही चिठ्ठी अडवतो. एकच तुकडा चोरालाही पकडतो आणि दारही अरुंद करतो. मिर-२६ए हा आणखी एक मायक्रोआरएनए इंटरफेरॉन या पेशीच्या धोक्याच्या घंटेला जोर देतो, असे पुढे दिसले. पीआरआरएसचा विषाणू ही घंटा दाबून टाकण्यात पटाईत, त्यामुळे या शोधाचे मोल अधिक.

पण लगेचच उलटी बाजूही आली. २०१५ मध्ये मिर-२४-३पी या मायक्रोआरएनएबद्दल निबंध प्रसिद्ध झाला. डुकराच्या पेशीत हीम ऑक्सिजनेज-१ नावाचे एक वितंचक या विषाणूला आवर घालते. मिर-२४-३पी या वितंचकाचीच चिठ्ठी अडवतो, आणि लागण झाल्यावर त्याचे प्रमाण वाढते. पाटकरी तोच, कालवाही तोच. पण पाणी आता चोराच्या शेतात जाते आहे. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीतही चित्र असेच गुंतागुंतीचे निघाले. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी डुकरांना एच१एन२ विषाणूची लागण करून त्यांच्या फुप्फुसातली जनुके आणि मायक्रोआरएनए एकत्र तपासले, तेव्हा प्रतिकाराच्या जनुकांबरोबर कित्येक मायक्रोआरएनएंची पातळी बदललेली दिसली. प्रतिकार कमी पडला तर विषाणू मोकाट सुटतो. तोच अति झाला तर सुजेने फुप्फुसच भरून जाते आणि जनावर आपल्याच बचावाने गुदमरते. या दोहोंमधला तोल राखण्यात या तुकड्यांचा हात असतो. १९१८ मध्ये तरुण, धडधाकट माणसे इतक्या झपाट्याने का मेली, या प्रश्नाची एक वाट याच तोलाकडे जाते.

आता विचारू, दोषी कोण? विषाणू आहेच. पण तो एका पेशीत हरतो आणि शेजारच्या पेशीत जिंकतो, ते पेशीत त्या घडीला कोणत्या चिठ्ठ्या वाचल्या जात आहेत आणि कोणत्या अडवल्या जात आहेत, त्यावर. शोप यांच्या प्रयोगात दोन कारणे होती, इथे शेकडो आहेत, आणि त्यांतली कित्येक यजमानाच्याच घरातली आहेत.

दार अरुंद करणे आणि दार काढून टाकणे

मायक्रोआरएनएचे औषध करणे कठीण ठरले आहे. आरएनएचा तुकडा शरीरात चटकन नष्ट होतो. तो नेमक्या पेशीत पोचवणे अवघड. आणि शेकडो चिठ्ठ्यांवर परिणाम करणारी गोष्ट हवा तेवढाच परिणाम करील, याची हमी देणे त्याहून अवघड. मिर-१२२ ला रोखणारे 'मिराव्हिरसेन' हे औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले आणि त्याने हेपटायटिस-सीचा विषाणू कमीही केला. पण तोवर थेट विषाणूवर वार करणाऱ्या गोळ्या बाजारात आल्या आणि ते मागे पडले. कळपातल्या हजार डुकरांच्या नाकात असा महागडा थेंब सोडणे तर हिशेबातच बसत नाही.

डुकरांच्या बाबतीत वेगळा रस्ता निघाला. मिर-१८१ जे दार अरुंद करतो, ते दारच काढून टाकले तर? २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठातील रँडल प्राथर आणि कॅन्सस राज्य विद्यापीठातील रेमंड रोलँड यांच्या गटांनी जनुक-संपादन करून सीडी१६३ नसलेली डुकरे जन्माला घातली आणि त्यांना विषाणूची लागण करून पाहिली. बरोबरीची साधी डुकरे आजारी पडली. या डुकरांना ना ताप आला, ना त्यांच्या रक्तात विषाणू सापडला. एडिनबरोच्या रॉझलिन संस्थेने पुढच्या वर्षी आख्खे दार न काढता त्यातला विषाणूच्या उपयोगाचा तेवढा भाग वगळून तेच साधले. ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका ब्रिटिश पशुपैदास कंपनीच्या अशा डुकरांना मान्यता दिली.

हे यश मोठे आहे आणि वराहपालकांच्या दृष्टीने स्वागतार्हही. पण ही डुकरे पैदास कंपनीच्या वाणातली. मिझोरामच्या घरामागे वाढणाऱ्या गावठी जनावरापर्यंत ती कधी आणि कोणत्या भावाने पोचतील, हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि बाजाराचा जास्त आहे. शिवाय ही डुकरे पीआरआरएसपुरतीच सुरक्षित आहेत. इन्फ्लुएन्झाचे दार निराळे आहे. ते तसेच उघडे राहते आणि त्यातून ये-जा दोन्ही बाजूंनी होते. म्हणून गोठ्यात काम करणाऱ्या माणसाला इन्फ्लुएन्झाची लस देणे आणि ताप असताना त्याला भरपगारी घरी बसू देणे या दोन साध्या गोष्टी आजही डुकराचे आणि माणसाचे, दोघांचेही फुप्फुस वाचवतात. मालक खोकला की डुक्कर खोकते, हे कोएन यांनी १९१८ मध्येच पाहून ठेवले होते.

आपल्या भाषेत 'डुक्कर' ही शिवी आहे. दशावतारांत वराह पृथ्वी उचलून धरतो आणि तरी तो प्राणी आपल्याला उकिरड्यावरच दिसतो. कृमी तर बोलण्यात त्याहून खालचा. कृमीत सापडलेल्या त्या लेट-७ ची २२ अक्षरे जुळवून पाहिली, तर कृमीत, डुकरात आणि माणसात ती एकसारखी आहेत, एकाही अक्षराचा फरक नाही. कोट्यवधी वर्षांत बाकी सगळे बदलले, तेवढी ओळ कोणीच खोडली नाही. पुढची साथ येईल तेव्हा आपण पुन्हा कोणाकडे तरी बोट दाखवणारच. त्या वेळी ही ओळ आठवली, तर निदान तीन लाख जनावरे मारण्याआधी आणि कचरा वेचणाऱ्या एखाद्या वस्तीचे पोट हिरावण्याआधी कोणी तरी विचारील, की ताप नेमका कोणाकडून कोणाकडे गेला?